हत्ती बांधून झाला

तीन भावंडांच्या घरात मान मोठ्याच्या खात्यावर जमा होतो, लाड धाकट्याच्या, आणि बाकी जे काही उरेल ते मधलीच्या नावे पडतं. या घरात उरलेले होते नाना. आई गेल्यापासून नानांचं सगळं मधलीकडे होतं, कारण ती त्यांच्याजवळ राहत होती. आणि ती त्यांच्याजवळ राहत होती, कारण सगळं तिच्याकडे होतं. हा हिशेब इतका चोख जुळत होता की दोन्ही भावांना त्यात कधी चूक सापडली नाही.

नानांना काचबिंदू होता. मोठा गुपचूप आजार. दुखत नाही, खुपत नाही, डोळ्यातला दाब तेवढा वाढतो आणि कडेची नजर कुरतडत जातो. कुरतडलेली परत येत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब पडले की आहे तिथे थांबतो, म्हणून थेंब पडायलाच हवेत. नाना जन्मभर शिलाई यंत्रावर बसले, सुईत दोरा न बघता ओवला, पण आता हात कापायचा. स्वतः घालायला गेले की एक थेंब भुवईवर, एक नाकावर, आणि एकदा तर चष्मा काढायचाच राहिला. सकाळचे थेंब स्वयंपाकाच्या मावशी घालायच्या. मावशी दुपारी जायच्या. संध्याकाळ मधलीची.

मधली पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती. गावभरच्या टाक्यांतलं पाणी बाटल्यांतून यायचं, ते प्यायच्या लायकीचं आहे की नाही हे ती सांगायची. तिथल्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि जागा मधलीलाच मिळणार होती, फक्त आधी दुसऱ्या शहरातलं तीन महिन्यांचं प्रशिक्षण पुरं करायला हवं होतं. अर्धवट सोडलं तर जागा पुढच्याला. हा पुढचा तिच्या शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि अलीकडे रोज अगदी काळजीनं नानांच्या तब्येतीची चौकशी करायचा.

म्हणून एका रविवारी तिघं भावंडं नानांच्या बाहेरच्या खोलीत बसली.

"जा की," मोठा म्हणाला. तो विमा कचेरीत साहेब होता. लोकांचे दावे नामंजूर करून करून त्याच्या आवाजाला एक वजन आलं होतं. "आम्ही काय मेलोय का इथे?"

"तू फक्त सांग ताई, काय करायचं ते," धाकटा म्हणाला. त्याचं फरशीचं शोरूम होतं. समोरच्याला बरं वाटेल असं बोलणं हा त्याचा धंदाच होता.

"विसरणार नाही ना?"

"आपल्या बापाला विसरेन मी?" मोठा दुखावला. दुखावणं त्याला फार छान जमायचं.

मधलीनं दोघांचं बोलणं खरं मानलं, पण प्रयोगशाळेतली सवय सुटत नाही. तिनं एक्सेलमध्ये वेळापत्रक केलं. एका ओळीत एक काम. पहिल्या रकान्यात तारीख, मग काम, मग कुणी करायचं, आणि शेवटचा रकाना 'झालं'. सोमवार-बुधवार-शुक्रवार मोठा, मंगळवार-गुरुवार-शनिवार धाकटा, रविवार आळीपाळीनं. मग त्याला तिनं मॅक्रो लावला, प्रयोगशाळेतल्या शीटला होता तसाच. रोज दुपारी घरातला संगणक आपला आपण उठायचा, शीट उघडायचा, आजच्या तारखेच्या ओळी शोधायचा, शेवटचा रकाना रिकामा असेल तर ज्याचं नाव त्याला मेल टाकायचा: 'आठवण. आज संध्याकाळी नानांच्या डोळ्यांत थेंब.' त्यानं काम करून 'झालं' असं उत्तर पाठवलं की मॅक्रो ते वाचून रकाना हिरवा करायचा. रात्री राहिलेल्या कामांची यादी मधलीच्या फोनवर.

एकच फरक होता. प्रयोगशाळेत कुणाच्या नुसत्या म्हणण्यावर रकाना हिरवा होत नसे. नमुना आणला म्हणून काय झालं? बाटली टेबलावर ठेवायची, तिच्यावरचा क्रमांक टेबलापलीकडच्या माणसानं भरायचा, मग हिरवा. घरच्या शीटला मधलीनं ही भानगड ठेवली नाही. आपल्याच भावांच्या शब्दाला बाटली काय मागायची?

ती गेली. पहिल्याच आठवड्यात मोठ्याचा फोन.

"हे काय चालवलंयस? बापाकडे जायला मला नोटीस?"

"नोटीस नाही दादा, आठवण आहे."

"मी मीटिंगमध्ये, समोर वरचे साहेब, आणि फोन वाजतो, 'नानांच्या डोळ्यांत थेंब'. शेजारचा वाकून वाचतो! मी काय कंपाउंडर आहे?"

मागून मोठ्या वहिनींचा आवाज आला, "कंपाउंडर असता तर वेळेवर तरी गेला असता."

"तू मध्ये बोलू नकोस!"

तरी त्याचं 'झालं' आलं. धाकट्याचंही आलं. रकाने हिरवे होत गेले. मधली रात्री खोलीवर येऊन फोन बघायची: 'राहिलेली कामं: काही नाही.' मग नानांना फोन. "बरं आहे ना, नाना?" "बरं आहे." "थेंब पडतायत ना?" "तू अभ्यास कर." आणि ती खरंच अभ्यास करायची. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिची संध्याकाळ तिच्या मालकीची झाली होती. हळूहळू ती फोनवर यादी उघडून न बघताच झोपायला लागली.

प्रशिक्षणाचे दोन महिने उलटले. वर्गात वेगवेगळ्या गावांच्या प्रयोगशाळांतली माणसं होती, आणि नमुने वेळेवर न येणं हे सगळ्यांचंच दुखणं. शिकवणारे सर म्हणाले, "तुम्ही काहीतरी मॅक्रो केलाय म्हणे? दाखवा सगळ्यांना."

मधलीनं लॅपटॉप पडद्याला जोडला. प्रयोगशाळेची शीट बाहेर दाखवायची परवानगी नव्हती, म्हणून घरच्या संगणकावरची लांबूनच उघडली. आजच्या तारखेची एक ओळ कॉपी करून खाली चिकटवली. चाचणीसाठी काहीतरी लिहायचं म्हणून कामाच्या रकान्यात टाइप केलं: 'गच्चीवर हत्ती बांधणे'. वर्ग हसला. नाव बदलायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तिथे मोठ्याचंच नाव होतं.

"आता मॅक्रो चालवते. मेल गेला. आता तो माणूस काम करेल, उत्तर देईल, मग हा रकाना..."

रकाना हिरवा झाला.

तिचं वाक्यही पुरं झालं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात उत्तर आलं होतं आणि ते वर्गानं मोठ्यानं वाचलं: 'झालं. धन्यवाद.'

"बांधला!" मागच्या बाकावरचं कुणीतरी ओरडलं. "अहो बाई, तुमच्याकडची माणसं फारच तत्पर!" सर पोट धरून हसत होते. मधलीसुद्धा हसली, चारचौघांत हसावं लागतं तितकं. मग तिनं त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली, या वेळी जाणूनबुजून, धाकट्याच्या नावावर: 'हत्तीला आंघोळ घालणे'.

उत्तर लगेच आलं. 'झालं ताई! काळजी करू नकोस.'

वर्ग टाळ्या पिटत होता. मधली त्या 'ताई'कडे बघत राहिली. याची मायासुद्धा आपोआप जात होती.

तासाला सुट्टी मागून ती जिन्यात आली आणि आधी नानांना फोन लावला.

"नाना, काल संध्याकाळी कोण आलं होतं?"

"आलं होतं की."

"कोण?"

"तू जेवलीस का?"

"नाना, काल थेंब कुणी घातले?"

 मग नाना म्हणाले, "पोरी, तुझी परीक्षा कधी आहे?"

एवढ्यावर मधलीला सगळा जमाखर्च कळला. तिनं मोठ्याला फोन लावला.

"दादा, हत्ती कशानं बांधलास? दोरीनं की साखळीनं?"

"काय? कसला हत्ती? मी मीटिंगमध्ये आहे."

"आत्ता मला लेखी कळवलंस ना, गच्चीवर हत्ती बांधून झाला म्हणून. वर धन्यवाद."

मीटिंगमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार, मग बाहेरच्या पॅसेजमधला घुमणारा आवाज. एवढ्या वेळात मोठ्यानं जो विचार करायचा तो केला आणि चोरी उघडी पडल्यावर माणूस जे करतो तेच केलं. तो भडकला.

"म्हणजे तू आमची परीक्षा घेतेस?"

"चुकून गेला मेल. तू सांग, हे उत्तर कोण पाठवतं?"

"नियम लावलाय मेलला. तुझी आठवण आली की उत्तर जातं. त्यात काय एवढं? दिवसभर शंभर मेल येतात मला. जायचं तर असतंच, मग उत्तर आधी गेलं तर बिघडलं कुठे?"

"आणि जातोस?"

"जातो की. जायचो. मधे मार्चचं काम होतं... आणि धाकटा जातोच ना!"

धाकट्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं ताई, दादा जातो ना! मला दादानंच शिकवलं ते, नियम कसा लावायचा. नाहीतर मला कुठलं येतंय?" लग्नकार्याखेरीज एकमेकांशी न बोलणारे हे दोघं भाऊ या एका बाबतीत मात्र अगदी जिवाभावानं एकत्र आले होते. धाकट्यानं तर आपल्या उत्तरात 'काळजी करू नकोस' हे स्वतःच्या पदरचं घातलं होतं. तेवढं त्याचं मन मोठं होतं.

मधलीनं मोठ्याला परत फोन लावला. जिन्यातून जाणारे-येणारे तिच्याकडे वळून बघत होते, कारण ती आता हळू बोलत नव्हती.

"तुझ्या कचेरीत उद्या कुणी आलं आणि म्हणालं, साहेब, माझी गाडी जळाली, माझ्या शब्दावर दावा मंजूर करा, तर करशील?"

"ते वेगळं."

"का वेगळं?"

"ते परके असतात."

मधलीनं फोन ठेवला. तिनंही अगदी हाच विचार करून ती बाटली वगळली होती. परक्यांसाठी पुरावा, घरच्यांसाठी विश्वास. विश्वासाचा फायदा मात्र परका कधी इतक्या सहज उचलत नाही. त्याला तेवढी लाज असते.

दुसऱ्या दिवशी मोठा रजा टाकून नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रजा टाकली हे त्यानं दोघा भावंडांना कळवलं, एकदा आणि मग पुन्हा. डॉक्टरबाईंनी दाब मोजला, नानांना एका यंत्राच्या पोटात डोकं घालायला लावून दिवे दाखवले, दिवा दिसला की बटण दाबा म्हणाल्या. डावीकडचे कितीतरी दिवे लागून विझले, नानांनी बटण दाबलं नाही.

"थेंब नियमित चालू आहेत?" बाईंनी विचारलं.

मोठ्यानं काय करावं? खिशातून फोन काढला आणि हिरव्या रकान्यांची शीट त्यांच्यापुढे धरली. खोटं बोलायचा त्याचा विचार नव्हता. पण आयुष्यभर कागद पुढे केला की समोरचा गप्प बसतो, हे पाहिलेला माणूस. हात आपोआप गेला.

डॉक्टरबाईंनी फोन बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "हा हिरवा रंग मी यांच्या कुठल्या डोळ्यात घालू?"

मग त्यांनी सांगितलं ते नानांकडे बघत सांगितलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली आहे. ती आता येणार नाही. उजवा वाचवायचा असेल तर इथून पुढे एकही संध्याकाळ चुकता कामा नये. एकही.

त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पुन्हा बैठक बसली. मधली फोनमधून, टेबलावर, स्पीकर चालू. नाना खिडकीशी आपल्या खुर्चीत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि उठूनही जा म्हटलं नव्हतं. ते होते, कारण खोली त्यांची होती.

"आता स्पष्टच बोलू," मोठा म्हणाला. "झालं ते वाईट झालं. पण चूक कुणाची हे बघायला गेलं, तर त्या मॅक्रोची आहे. आम्ही झालं म्हटलं आणि त्यानं मानलं? तपासायला नको? आमच्या कचेरीत असं चालत नाही."

"म्हणजे तू खोटं सांगितलंस ही चूक नाही, मी खरं मानलं ही चूक?"

"शब्द पकडू नकोस. सिस्टीममध्ये दोष होता, एवढंच म्हणतोय."

"ताई, भांडू नका ना," धाकटा म्हणाला. "हे बघ, आम्हाला ते थेंब नीट जमतही नाहीत. तुझा हात बसलाय. नानांनाही तुझीच सवय. एक महिना तर राहिलाय, तो पुढच्या वर्षी कर. प्रशिक्षण काय, होतच असतं."

"जागा होत नसते."

"जागा महत्त्वाची की बापाचे डोळे?" मोठा म्हणाला.

आता यावर काय उत्तर द्यायचं? प्रश्न असा शिवला होता की कुठूनही घातला तरी मधलीच्याच अंगावर यावा. हाच प्रश्न मोठ्याला विचारता आला असता, मार्चचं काम महत्त्वाचं की बापाचे डोळे. धाकट्याला विचारता आला असता, फरशी महत्त्वाची की. पण त्यांना तो कुणी विचारत नाही, त्यांचं मापच घेतलेलं नसतं. मधलीच्या खोलीत पलंगावर बॅग उघडी होती. अर्धे कपडे आत गेलेही होते. रागारागानं ती उरलेले कोंबत होती, आणि फोनमधून ती खुडबुड ऐकून भावांना वाटलं ती तयार झाली.

"ती येणार नाही," नाना म्हणाले.

दोघांनी वळून बघितलं.

"नाना, तुम्ही मध्ये..."

"मध्ये? मध्ये म्हणजे कुणाच्या मध्ये? कालपासून ऐकतोय. त्यानं झालं म्हणून सांगितलं, हिनं झालं म्हणून मानलं, यंत्रानं झालं म्हणून लिहिलं. अरे, ज्याचे डोळे तो म्हातारा इथे खुर्चीत बसलाय. त्याला कुणी विचारलंत का रे, बाबा, झालं का?"

"तुम्ही बोलायचं ना मग!" फोनमधून मधली ओरडली. नानांवर ती पहिल्यांदाच ओरडत होती. "रोज फोन करत होते मी! रोज विचारत होते!"

"तू विचारायचीस, 'बरं आहे ना'. बरं आहे असंच ऐकायचं ठरवून विचारायचीस. आणि मी नाही म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी या दारात उभी. मग तुझ्या खुर्चीत कोण बसला असता? तो, माझ्या तब्येतीची चौकशी करणारा."

"आम्हाला तरी सांगायचं," धाकटा पुटपुटला.

"तुम्हाला?" नाना खुर्चीतून अर्धे उठले. "बापानं पोरांच्या मागे लागायचं, या रे, थेंब घाला रे? मी गिऱ्हाइकाच्या मागे कधी लागलो नाही, उधारी बुडली तरी. मी संध्याकाळी दिवा लावून बसायचो. जिना वाजला की मान वर करायची, शेजाऱ्याकडे कुणी आलं असलं की खाली घालायची. आणि इथे माझ्याच टेबलावर ते यंत्र रोज दुपारी घुरघुर करून उठायचं, आणि माझ्याबद्दल गावभर कळवायचं की यांचं काम झालं!"

 मोठ्यानं डोळे पुसले. ते अश्रू खरे होते. त्याला रडूही खरंच यायचं, फक्त उशिरा.

"पोरी, तुझं तू पुरं कर," नाना म्हणाले. "ही दोघं येतील. पण ते 'झालं' म्हणायचं आता माझ्याकडे. यांच्या तोंडावर नाही, माझ्या डोळ्यांवर."

"मला त्या वेळापत्रकात धरलंस ते कामात धरलंस," ते थांबून पुढे म्हणाले, "माणसांत धरायचं राहिलं."

हे मधलीला भावांच्या सगळ्या खोट्यापेक्षा जास्त लागलं. तिनं बॅगेतले कपडे काढले नाहीत, तशीच बॅग खाली ढकलली आणि लॅपटॉप घेऊन बसली.

मॅक्रो बदलला. आता भावांची उत्तरं तो वाचतच नव्हता. 'झालं' लिहा, निबंध लिहा, रकाना पांढराच. हिरवा व्हायचा तो फक्त नानांकडून निरोप आला तर. धाकट्यानं, 'मला कुठलं येतंय' म्हणणाऱ्याला हे मात्र बरं जमलं, नानांच्या फोनच्या पडद्यावर एकच मोठं बटण करून दिलं. हात कापला तरी चुकणार नाही असं. आणि नानांचं बटण दाबलं जाईपर्यंत आठवण एकदा जाऊन थांबत नव्हती. पुन्हा जायची. आणि पुन्हा. आणि तिची एक प्रत वहिनींना.

"हिला कशाला प्रत?" मोठ्याचा फोन आलाच.

"कारण वहिनी आपोआप उत्तर देत नाहीत."

पहिली संध्याकाळ शुक्रवारची, म्हणजे मोठ्याची. तो आला तो चिडूनच आला. कचेरीतून निघेपर्यंत फोन वाजत होता, रस्त्यात वाजत होता, जिन्यात वाजला. "आलोय ना आता! आलोय!" असं तो फोनला म्हणाला, आणि फोननं ते मानलं नाही. बूट न काढताच आत आला, नानांचं डोकं मागं केलं, बाटली पिळली. थेंब गालावरून ओघळून कॉलरमध्ये गेला.

"गेला," नाना म्हणाले. "खालची पापणी खाली ओढ. बोट लावायला भितोस काय, माझाच डोळा आहे."

मोठ्यानं पापणी ओढली. या चेहऱ्याच्या इतक्या जवळ तो लहानपणापासून आला नसावा. दुसऱ्यांदा थेंब आत गेला. मग उजवा. मग तो सरळ झाला, रुमालानं हात पुसले, घड्याळ बघितलं.

"हं, दाबा बटण."

"दुसरी बाटली राहिली."

"दुसरी? दोन असतात?"

नाना डोळे मिटून बसले होते. त्यांनी मान हलवली नाही, पण चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मोठ्यानं पुढचा प्रश्न गिळला. दोन महिने झाले होते वेळापत्रकाला.

"बरं, घालतो तीही. मान वर करा."

"लगेच नाही. पहिलं औषध मुरू दे, नाहीतर दुसरं त्याला धुऊन काढतं. बस थोडा."

"किती वेळ?"

"बस म्हटलं ना."

तो टोकावर बसला. फोन वाजला: आठवण. लगोलग वहिनींचा फोन. "अहो, मला पुन्हा आलं! अजून पोचला नाहीत?"

"इथेच बसलोय!" मोठा गरजला. "बापाच्या समोर बसलोय मी, आता फोटो पाठवू का?"

"ओरडू नकोस," नाना मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "मी दचकतो, थेंब बाहेर येतो. मग परत पहिल्यापासून."

मोठ्यानं फोन ठेवला. त्यानं बूट काढले, कारण आता ते टोचायला लागले होते. खुर्चीत मागे टेकला.  वडील डोळे मिटून, मुलगा डोळे उघडे ठेवून, आणि मध्ये टेबलावर दोन बाटल्या. फोन पुन्हा वाजला. त्याला एकदम न्याय हवासा वाटला. त्यानं मधलीला फोन लावला, हे सांगायला की माणूस समोर बसलेला असताना त्याला ये म्हणून सांगणारं यंत्र आंधळं आहे, आणि हे कुठल्याही कचेरीत चालणार नाही.

मधली तेव्हा प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकाला उभी होती. पुढ्यात काचेच्या बशांची रांग, प्रत्येकीत कुठल्यातरी टाकीचं पाणी रात्रभर ठेवून जंतूंचे जे ठिपके उगवले होते ते. मोजताना नजर हलली की पुन्हा पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात करायची. अंगावरच्या डगल्याच्या खिशात फोन थरथरला. तिनं काढून बघितलं. दादा. खाली यादी: शुक्रवारचा रकाना अजून पांढरा.

अजून पांढरा, म्हणजे अजून तिथेच बसलाय.

फोन हातात वाजत राहिला. पर्यवेक्षकानं विचारलं, "घरून आहे का? घ्यायचा असेल तर घ्या, काही तातडीचं असेल."

"नाही," मधली म्हणाली, "तिथे माणूस आहे." आणि फोन बंद करून खिशात टाकला, आणि पुढची बशी उजेडाखाली ओढली.